खांबावरची तुमची रेघ

दाजी,

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. तेराव्याची जेवणं उरकल्यावर माणसं मारुतीच्या पारावर बसली आणि एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उठला. पूलवाले नाना म्हणजे गावाचा आधार होते. पूलवाले नानांनी आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. पूलवाले नानांना नदी विचारून चढायची. हे शेवटचं ज्याने म्हटलं, त्याला तुम्ही जिवंतपणी पुलावर बिडी ओढली म्हणून हाकलून लावलं होतं, पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध, त्याला कोण काय करणार. मी अक्काशेजारी जोत्यावर बसून ऐकत होते. मला रडू येत नव्हतं. मला तुमचा राग येत होता आणि तो आजही तसाच आहे.

मग सरपंच उठले. म्हणाले, नव्या शाळेची जागा ठरली आहे, खालच्या अंगाला, नानांच्या रेघेच्या बरोबरीने. पूल बांधला तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पुराची रेघ काठाकडच्या खांबावर कोरलेली आहे. शेवटची, सगळ्यात वरची रेघ नानांनी मारली. त्या रेघेच्या वर गिरणामाय एकदाच आली, ती पुन्हा यायची नाही. म्हणून पोरांची शाळा तिथेच, आणि रेघेला शेंदूर लावून खाली नानांच्या नावाची फरशी. तेराव्याला टाळ्या वाजवत नाहीत म्हणून नुसत्या माना हलल्या.

त्या शाळेत शिकवणार मी आहे, दाजी. पोरं माझी आहेत. आणि ती रेघ खोटी आहे, हे गावात तुमच्यानंतर सगळ्यात जास्त मलाच ठाऊक आहे.

आधी तुमचं देणं मान्य करते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की इंदू कृतघ्न निघाली. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. अक्काचं लग्न नुकतंच तुमच्याशी झालेलं. तुम्ही मायला आणि मला आमच्या गावाहून बैलगाडीत घालून इथे आणलंत. वरची शाळा पलीकडच्या काठाला, आणि पावसाळ्यात नदी ओलांडायला पुलाशिवाय वाट नाही. पूल रेल्वेचा. त्यावरून माणसाने चालायचं नाही, आणि चाललंच तर तुमच्या परवानगीने. तुम्ही चार वर्षं मला रोज त्या पुलावरून नेलंत. खाली बघायचं नाही, पुढच्या स्लीपराकडे बघायचं, आणि पाय कधी दोन स्लीपरांच्या मधल्या आकाशात टाकायचा नाही, असं सांगायचात. पहिल्या दिवशी मी मधोमध बसकण मारली आणि रडायला लागले. तुम्ही समजूत वगैरे काढली नाही. शेजारी बसलात आणि पुलाची गोष्ट सांगायला लागलात.

ती गोष्ट मी हजारदा ऐकली असेल. खांबांचे काळे दगड कुठल्या टेकडीतून गाडीने आणले, चुन्याच्या घाण्यात बेलफळ आणि गूळ कसा घालायचे, पाथरवटांच्या वस्तीत तापाची साथ आली तेव्हा अर्धी माणसं पळाली आणि मारवाडी ठेकेदार पागोटं काढून उरलेल्यांच्या पाया पडला, लोखंडी गर्डर आकडे घालून आले आणि दोन आकडे एकच निघाले म्हणून महिनाभर काम कसं अडलं. कितपत खरं, कितपत तुमच्या पदरचं, देव जाणे. पण चाळीसगावहून धुळ्याला जाणारी गाडी पुलावर आली की तुम्ही मला कठड्याजवळच्या लोखंडी पिंजऱ्यात ओढून घ्यायचात, कानांवर हात ठेवायचात, आणि गाडी गेली की गोष्ट सोडली होती त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचात. मी मास्तरीण झाले ती त्या गोष्टींमुळे. हे मी कोणापुढेही कबूल करीन.

खांबावरच्या रेघासुद्धा तुम्हीच दाखवल्यात. सगळ्यात खालची कोणी मारली ते ठाऊक नाही. मधली तुमच्या वडिलांनी, तेही पुलाचे चौकीदार. त्यांनी पूर ओसरायच्या आत, शिडीवर उभं राहून मारली, हे सांगताना तुमची मान ताठ व्हायची. पुढची रेघ मी मारीन म्हणायचात. जणू पूर यावा अशीच तुमची इच्छा होती.

आणि पूर आला. धरणाचं काम वर चालू होतं तेव्हाचा. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. खालची आळी सगळी वर पळाली होती, आणि शाळा बंद म्हणून मी तुमच्याबरोबर पुलावर होते. पाणी मोजायचे रेल्वेचे पांढरे आकडे मधल्या खांबावर, पण त्याच्यावर एक अख्खी बाभूळ येऊन आडवी बसली आणि आकडे दिसेनात. तेव्हा तुम्ही चौकीतून तो दोर काढलात. तुमच्या वडिलांचा, अंबाडीचा, हाताहातावर गाठ मारलेला, टोकाला लोखंडी नट. तुम्ही तो सोडत होता आणि गाठी मी मोजत होते. पाणी सगळ्यात वर चढलं तेव्हा तुम्ही ओरडून विचारलंत, "किती?" मी म्हटलं, "तीस." तुम्ही दोर पुन्हा सोडलात. तीसच. दोर पावसाने चिंब झाला होता, हाताला बोटभर जाड लागत होता.

चार दिवसांत पाणी उतरलं. त्याच दिवशी रेघ मारली असती तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण तुम्हाला गावासमोर, नारळ फोडून, भटजी बोलावून रेघ मारायची होती. आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात कसलं शुभकार्य? तुमचे वडील पुरात शिडीवर चढून रेघ मारणारे, आणि तुम्ही पंचांग बघणारे. दसऱ्याला मुहूर्त निघाला. तोवर मागून आलेल्या पावसाने खांबावरचा गाळ धुऊन नेला होता, पाणी कुठवर होतं याची खूण उरली नव्हती, आणि नंतर असं ऊन पडलं की कठड्यावर टाकलेला दोर वाळून खडखडीत झाला. त्या वाळलेल्या दोराच्या तीस गाठी तुम्ही खाली सोडल्यात. जिथे नट टेकला तिथे पाथरवटाने छिन्नी लावली. नारळ फुटला. मीही पेढा खाल्ला.

पावसाळ्यात बाजेची दोरी आवळते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाज सैल करून ठेवली नाही तर खुरा मोडतो. मोटेचा नाडा भिजला की आखडतो, हे कोणीही शेतकरी झोपेत सांगेल. ओला दोर आखडला होता. त्याच्या तीस गाठी म्हणजे तीस हात नव्हतेच, अठ्ठावीसच्या आसपास. आणि तुम्ही कोरड्या दोराने पुरते तीस हात मोजलेत. म्हणजे पाणी जिथवर आलं होतं त्याच्यापेक्षा तुमची रेघ दोन हात खाली बसली. एवढी सोपी गोष्ट ना तुम्हाला सुचली, ना मला, ना पेढे खाणाऱ्या एकाही शहाण्याला. आपण सगळे नारळाकडे बघत होतो.

पंचायतीने त्या रेघेवरून खालच्या आळीला नवे प्लॉट आखून दिले. रेघेच्या वर म्हणजे वर, अगदी चार बोटं का असेना. मायने हौसेने पहिलं घर बांधलं. आयुष्यभर जावयाच्या दारात राहिल्याची बोच तिला होती, ती कधी बोलली नाही, पण स्वतःच्या घराचं जोतं घालताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. मातीच्या भिंती आणि वर धाबं, आपल्याकडे असतं तसं. मातीचं छप्पर उन्हाळ्यात गार, पण भिंतीने साथ सोडली की डोक्यावर दगड.

मग दुष्काळाची वर्षं आली. नदीत वाळूसुद्धा उरली नाही असं वाटायचं. पूर म्हणजे काय हे लोक विसरले. दुष्काळ संपल्यावरच्या एका भाद्रपदात तो पुन्हा आला. सकाळी तुम्ही पुलावर जाताना मायकडे डोकावलात आणि म्हणालात, तुम्ही रेघेच्या वर आहात, निवांत बसा. दुपारी मी तिला वर न्यायला गेले तेव्हा उंबऱ्याशी पाणी लागलं होतं. ती बाजेवर पाय वर घेऊन बसली होती, समोर तांदूळ निवडायचं सूप. मी ओढायला लागले तर हात झटकून म्हणाली, "जवाई सांगी गयात, पानी येवाव नही. तू जाय, पोरं वाट देखतीस." मी गेले. शाळेत चाळीस माणसं येऊन बसली होती, त्यांच्यासाठी चुली पेटवायच्या होत्या. मला वाटलं, गुडघाभर पाण्याने काय होतंय. गुडघ्यापेक्षा जास्त पाणी त्या घरात आलंही नाही. भिंत विरघळायला तेवढं पुरलं. धाबं खाली बसलं ते एकदम.

त्या दिवशी तुम्ही पाण्यात उतरून सात माणसं काढलीत. तेराव्याला पारावर त्या सातांपैकी तीन जण बोलले आणि त्यांचं खोटं नव्हतं. पण तुम्हाला त्या सातांनीच वाचवलं, दाजी. मायच्या घराचा ढिगारा उपसताना कोणी तुमच्या रेघेकडे पाहिलंच नाही. सगळे म्हणाले, हा पूर मागच्याहून मोठा. तुम्हीही म्हणालात, आणि तरी या पुराची रेघ मारली नाहीत.

तो मोठा नव्हता. महादेवाच्या घाटाला मागच्या वेळी पाण्यावर पाच पायऱ्या उरल्या होत्या, या वेळी सहा. दगडाच्या पायऱ्या काही सरकत नाहीत. मायचे दिवस झाल्यावर मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होता. म्हणालात, "नदी इथं एक चढते, घाटावर एक चढते. तू तुझी शाळा शिकव." हातातला घास ताटात टाकलात आणि उठलात. अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी दुःखाने बरळते आहे.

दोराचं मला पुढच्या पावसाळ्यात कळलं, अंगणात बाज भिजली आणि तिची दोरी तारेसारखी ताणलेली दिसली तेव्हा. मी तशीच उठून चौकीत गेले. खिळ्यावरचा दोर काढला, जमिनीवर पसरून मोजला, हौदात बुडवून ठेवला, पुन्हा मोजला. मग तुम्हाला बोलावलं आणि दाखवलं. तुम्ही ओली गाठ चिमटीत धरून चाचपलीत. मला वाटलं, आता म्हणाल. दोन शब्द हवे होते मला, "चुकलं माझं." मायला ऐकू गेले नसते, पण मला गेले असते. तुम्ही काय म्हणालात? "मना बापनाच दोर शे हाऊ. मना बाप चुकना का?" एरवी माझ्याशी शाळेतली मराठी बोलणारे तुम्ही. मी म्हटलं, तुमचे वडील नाही चुकले, त्यांनी ओल्या दोराने मोजलं आणि ओल्या दोरानेच रेघ मारली. ते मुहूर्ताला थांबले नाहीत. तुमचा हात वर उठला होता. मारला नाहीत, पण उठला होता.

त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो नाही. मी अक्काकडे आले की तुम्ही पुलावर जायचात. संक्रांतीला तिळगूळ मधूच्या हातून यायचा, तुमच्या मुलाच्या, जणू मी तालुक्याची कोणी साहेबीण. तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही टाळत होता. नसतं ठाऊक तर भांडला असता. भांडायला तुम्ही कधी मागे नव्हता. एकदा दुपारी मी तुम्हाला त्या खांबाखाली उभं पाहिलं. वर रेघेकडे बघत होता. मला पाहिलंत आणि बुटाची नाडी बांधायला वाकलात. शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते तेव्हा तुम्ही शुद्धीत होता, चांगले शुद्धीत होता, पाणी मागितलंत, मधूची बदली विचारलीत, गाडी उशिरा आहे का विचारलंत. ते दोन शब्द तेव्हाही निघाले नाहीत. मी वाट पाहत होते हे तुम्हाला दिसत होतं.

तर तेराव्याला सरपंचांचं झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, ती रेघ चुकीची आहे, खरं पाणी तिच्यावर दोन हात होतं, शाळा तिथे बांधू देणार नाही. आधी कोणाला कळलंच नाही. मग मी दोराचं सांगितलं. म्हातारे खाली बघायला लागले. दाजी, तेव्हा मला समजलं की निम्म्या गावाला हे आधीपासून ठाऊक होतं. कसं नसेल? त्यांच्याही घरी बाजा आहेत. पण रेघ चूक म्हटली की प्लॉट चूक, आणि पडलेली घरं त्यांनी पुन्हा तिथेच बांधली होती. सरपंच गोड आवाजात म्हणाले, "ताई, आज तरी नको. माणूस गेला आहे." मी म्हटलं, दोन माणसं गेली आहेत, तुम्ही एकच मोजता. मधू उठून निघून गेला.

मला वाटलं होतं अक्का माझ्या तोंडावर हात ठेवील.  ती तुमचं पांढरं उपरणं मांडीवर घेऊन बसली होती, त्याची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची. आम्ही घरी आलो. दोन दिवस तिने माझ्याशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ती अंगणात चौकीतून आणलेला तो दोर घेऊन बसली होती. घंगाळात पाणी भरून त्यात गाठ गाठ करून बुडवत होती. म्हणाली, "पाथरवटले सांगी धाडेल शे. चाल." विधवेने एवढ्या लवकर उंबरा ओलांडायचा नाही म्हणून शेजारीण दारात आली. अक्काने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुलावर मधूच होता. तुमच्या जागी आता त्याचीच नेमणूक झाली आहे. त्याने वाट अडवली. म्हणाला, "मावशी, बापना डोकावर रेघ मारशीन?"  अक्का म्हणाली, "तुना बापना डोकावर नही रे. मनी मायना डोकावर पडनं ते दिसू दे." तो बाजूला झाला. मग धुळ्याच्या गाडीची वेळ झाली आहे म्हणून पलीकडच्या टोकाला चालत गेला, आणि परत येईपर्यंत त्याने काहीही पाहिलं नाही. गाडी यायला अजून तास होता.

मी ओला दोर सोडला. अक्काने गाठी मोजल्या, मोठ्याने, एकेक. तीस झाल्या. खाली शिडीवरून पाथरवटाने खूण केली. तुमच्या रेघेच्या वर, दोन हातांना थोडं कमी. त्याने छिन्नी लावायच्या आधी विचारलं की पुढे काय कोरू, नानांच्या रेघेला साल आहे. अक्काने वरून ओरडून सांगितलं, "मायनं नाव टाक. गोजराबाई." त्याला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी मोठ्याने, आणि मग ती पुलावरच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. तुमच्यासाठी की मायसाठी, हे मी विचारलं नाही.

शाळेची आखणी काल झाली. चुन्याची फक्की माझ्यासमोर टाकली, नव्या रेघेच्या वर पुरे चार हात. सरपंच माझ्याशी बोलत नाहीत. खालच्या आळीतली चार घरं वर सरकायचं म्हणत आहेत, बाकीची मला शिव्या देत आहेत, देऊ देत. तुमची रेघ मी खोडायला लावली नाही. पाथरवट तयार होता, मीच नको म्हटलं. दोन्ही राहू देत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, दाजी. प्रयत्नही करत नाही. तुम्ही मला त्या पुलावरून हात धरून नेलंत आणि माझ्या आईला खोट्या रेघेवर बसवून ठेवलंत, आणि या दोन गोष्टींची माझ्यात वजाबाकी होत नाही. पोरांना घेऊन मी खांबापाशी जाणार आहे. दगडांची, चुन्याची, चुकलेल्या आकड्यांची सगळी गोष्ट सांगणार आहे, तुम्ही सांगायचात तशीच. मग कोणीतरी विचारणारच की वरच्या दोन रेघा एकाच पुराच्या, तर त्यांच्यात एवढं अंतर का. तेव्हा मी सांगीन की माझे दाजी मुहूर्ताला थांबले, आणि गाठी मोजणारी मी होते.